किल्ल्यांचा जुडगा सोडताना

डिसेंबर उतरणीला लागला की वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत एक ठरावीक लगबग सुरू होते. सरत्या वर्षाचा आढावा घ्यायचा असतो, वर्षभरात काळाच्या पडद्याआड गेलेल्यांची यादी जुळवायची असते आणि त्यांच्या जोडीला, नव्या वर्षाच्या संकल्पांना बळ मिळावे म्हणून, थोरामोठ्यांच्या चरित्रांतून वेचलेल्या बोधकणांचा एक लेख हवाच असतो. तीसेक वर्षे या व्यवसायात काढलेल्या माणसाने असे लेख डझनांनी लिहिलेले आणि त्याहून अधिक तपासलेले असतात. त्यांचा साचा ठरून गेला आहे. कुणी लहानपणी घरोघरी वर्तमानपत्रे टाकली, कुणी रिकाम्या खिशाने मुंबई गाठली, कुणी अठरा-अठरा तास काम केले, कुणी अपयशाने खचला नाही. वाचणाऱ्याला उभारी येते आणि ती उभारी खोटी नसते. पण या सगळ्या लेखांत चरित्रनायक सतत जिना चढत असतो आणि तो वर पोहोचला की लेख संपतो. थोर माणसे पहाटे किती वाजता उठत, हे आपण आवडीने वाचतो; ती खुर्चीवरून केव्हा उठली, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

यंदा त्या दुसऱ्या उठण्याविषयी लिहावेसे वाटते. त्याला कारण आपल्या अवतीभवतीच आहे. सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्र श्रीमंत आहे. शंभरी ओलांडलेली वाचनालये, पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या व्याख्यानमाला, शिक्षणसंस्था, पतपेढ्या, अनाथ विद्यार्थीगृहे, व्यायामशाळा. शासनाची वाट न पाहता समाजाने स्वतःच्या बळावर हे सारे उभे केले. आज यांतल्या कितीतरी संस्थांत अध्यक्ष ऐंशीच्या घरात असतात, कार्यवाह पंच्याहत्तरीचे असतात आणि कोषाध्यक्षांचे वय विचारण्याचे धाडस कुणी करीत नाही. वार्षिक सभेत दर वर्षी एकच खंत व्यक्त होते की, तरुण पिढी समाजकार्याकडे वळत नाही. वस्तुस्थिती अशी असते की तरुण आलेले असतात. पहिल्या वर्षी त्यांना सतरंज्या उचलायला सांगितलेले असते आणि पाचव्या वर्षीही सतरंज्याच उचलायला सांगितलेले असते. सहाव्या वर्षी ते येत नाहीत. मग त्यांच्या ध्येयनिष्ठेविषयी शंका घेतली जाते. आपण मंडळी पदाला पद म्हणत नाही, दायित्व म्हणतो. शब्द सुंदर आहे. परंतु शब्द बदलल्याने खुर्चीची ऊब कमी होत नाही.

वर्षअखेरीच्या तारखेशीच जोडलेले एक उदाहरण आधी घेऊ. ई. श्रीधरन यांनी दिल्ली मेट्रोचा निरोप घेतला तो ३१ डिसेंबर २०११ रोजी. कोकणच्या माणसाला श्रीधरन हे नाव वेगळे सांगावे लागत नाही. डोंगर पोखरून आणि नद्या ओलांडून कोकण रेल्वे गेली आणि २६ जानेवारी १९९८पासून संपूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली, ती त्यांनी घातलेल्या पायावर. दिल्ली मेट्रोच्या कामांवर उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे त्यांनी लावली होती, हेही सर्वश्रुत आहे. पण १ जानेवारी २०१२ रोजी काय घडले, हे फारसे आठवत नाही, कारण काहीच घडले नाही. गाड्या ठरल्या वेळी धावल्या. मंगू सिंग यांनी सूत्रे हाती घेतली. ते बाहेरून आणलेले अधिकारी नव्हते. मेट्रोच्या आरंभीच्या वर्षांपासून त्याच संस्थेत मुरलेले अभियंते होते. प्रमुख गेला आणि प्रवाशाला ते कळलेही नाही, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्या प्रमुखाला हवे? एकोणऐंशीव्या वर्षी घेतलेली निवृत्ती काही लवकरची म्हणता येणार नाही, हे खरे. पुढे २०२१मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी पलक्कडमधून केरळ विधानसभेची निवडणूक लढवली, थोडक्या मतांनी ती गमावली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सक्रिय राजकारणातून आपण बाहेर पडत असल्याचे सांगितले. तो टप्पा त्यांनी टाळला असता तर बरे झाले असते, असे त्यांच्याविषयी नितांत आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते. मोठ्या माणसांनाही थांबण्याचा क्षण प्रत्येक वेळी साधतोच असे नाही.

क्रीडांगणावर हा क्षण नेमका साधणारे आपल्या मुंबईचे सुनील गावसकर. मार्च १९८७मध्ये बंगळूरच्या फुटलेल्या, हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध त्यांनी ९६ धावा केल्या. भारत तो सामना १६ धावांनी हरला आणि गावसकर पुन्हा भारतासाठी कसोटी खेळले नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी दहा हजार कसोटी धावांचा टप्पा जगात सर्वप्रथम ओलांडला होता. आणखी दोन वर्षे खेळायला कुणी ना म्हटले नसते. खेळाडूचे शरीर त्याला इशारा देते, म्हणून त्याला हे तुलनेने सोपे जाते, असे म्हणता येईल. समितीच्या बैठकीत बसायला गुडघे लागत नाहीत, हीच खरी अडचण आहे.

पद सोडण्याचा सर्वांत तेजस्वी प्रसंग महाराष्ट्राच्या स्मृतीत आहे तो चिंतामणराव देशमुखांचा. आयसीएस परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५०पासून देशाचे अर्थमंत्री. स्टेट बँकेची स्थापना १९५५मध्ये आणि आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १९५६च्या जानेवारीत, ही दोन्ही कामे त्यांच्याच कारकिर्दीतली. पक्षीय राजकारणात मुरलेला हा माणूस नव्हता. त्याचे आसन ज्ञानावर उभे होते आणि ते स्थिर होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९५६च्या जुलैमध्ये त्यांनी त्या आसनाचा त्याग केला आणि त्याची कारणे लोकसभेत निःसंदिग्ध शब्दांत मांडली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाला त्या राजीनाम्याने केवढे नैतिक बळ दिले, हे त्या पिढीतील लोक सांगत आले आहेत. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे त्यांचे आयुष्य. राजीनाम्याचे भांडवल करून त्यांनी मुख्यमंत्रिपदाची वाट चोखाळली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, मग १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, आणि आयुष्यभर संस्कृतचा व्यासंग. १९६९मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते उभे राहिले आणि पराभूत झाले. त्याचा कडवटपणाही त्यांनी मिरवला नाही. खुर्ची गेल्यावर ज्याच्याजवळ करण्यासारखे काही उरते, त्यालाच ती वेळेवर सोडता येते. ज्याने आयुष्यभर खुर्चीखेरीज दुसरे काही जोपासलेच नाही, त्याने ती सोडून कुठे जावे? आपल्या संस्थांतील ज्येष्ठांच्या चिवटपणाकडे थोड्या सहानुभूतीने पाहायचे तर या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल. सकाळी दहा वाजता कार्यालयाचे कुलूप उघडणे, शिपायाने पाणी आणून ठेवणे, कुणीतरी कागद घेऊन सहीला येणे. सेवानिवृत्त माणसाच्या दिवसाचा तोच आधार असतो. तो काढून घेताना त्याच्या हाती दुसरे काही द्यायला हवे, याचा विचार समाज म्हणून आपण केलेला नाही.

तो विचार ज्यांनी केला आणि आधी स्वतःवर आजमावला, ते नानाजी देशमुख. मराठवाड्यातील कडोळीसारख्या खेड्यात १९१६मध्ये जन्मलेल्या आणि शिक्षणासाठी भाजी विकून पैसे जमवणाऱ्या या माणसाने उत्तर भारतात राजकीय संघटनेचे जाळे विणले. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात जयप्रकाशजींवर लाठी पडत असताना ती आपल्या हातावर झेलणारे नानाजी, आणीबाणीत कारावास भोगणारे नानाजी आणि १९७७मध्ये बलरामपूरमधून लोकसभेवर निवडून आलेले नानाजी, हा आलेख सरळ वर जाणारा होता. मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात त्यांना स्थान देऊ केले गेले, ते त्यांनी नाकारले. साठी उलटलेल्यांनी सत्तेच्या राजकारणातून बाहेर पडून समाजरचनेच्या कामाला लागावे, अशी भूमिका त्यांनी मांडली आणि १९७८मध्ये ती स्वतः अमलात आणली. लक्षात घ्या, तेव्हा त्यांचा पक्ष सत्तेत होता. पराभवानंतर वैराग्य येणे ही सामान्य गोष्ट आहे. सत्तेची पंगत नुकती कुठे मांडली जात असताना पाटावरून उठणे दुर्मिळ.

पुढची तीस वर्षे त्यांनी काय केले, हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण निवृत्ती म्हणजे आरामखुर्ची हा समज त्याने पार पुसला जातो. गोंडा जिल्ह्यात शेतीला पाणी पोहोचवण्यासाठी लोखंडी नळांऐवजी बांबू वापरून कमी खर्चाच्या कूपनलिका घेण्याचा प्रयोग त्यांच्या संस्थेने केला. नंतर चित्रकूट. तिथे १९९१मध्ये ग्रामोदय विद्यापीठ उभे राहिले. पदवीधर नवविवाहित जोडप्यांनी काही वर्षे खेड्यात जाऊन राहावे आणि आसपासच्या गावांचे आरोग्य, शिक्षण, शेती यांत गावकऱ्यांच्या बरोबरीने लक्ष घालावे, अशी योजना त्यांनी आखली. त्या जोडप्यांना ‘समाजशिल्पी दंपती’ असे नाव दिले. ऐंशीच्या पुढचा माणूस पंचविशीतल्या मुलामुलींच्या हाती गावे सोपवीत होता, ही त्या योजनेतली मला सर्वाधिक भावलेली बाब. त्यांच्या पाठीवर हात ठेवून मोकळे सोडणे आणि त्यांच्याकडून सतरंज्या उचलून घेणे यांत जे अंतर आहे, तेच अंतर जिवंत संस्था आणि नुसती नोंदणीकृत संस्था यांच्यात असते. १९९९मध्ये त्यांनी राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्यत्व स्वीकारले, मग निवृत्तीचे काय झाले, असे विचारणारे तेव्हाही होते. प्रश्न रास्त आहे. मात्र नियुक्त सदस्यत्व हे पक्षीय सत्तापद नव्हते आणि त्यांचा मुक्काम अखेरपर्यंत चित्रकूटच राहिला. २७ फेब्रुवारी २०१० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. देह वैद्यकीय शिक्षणासाठी द्यावा, ही त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे तो दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडे सुपूर्द करण्यात आला. भारतरत्न मिळाले ते २०१९मध्ये, मरणोत्तर.

खुर्ची सोडणे ही एका दिवसाची घटना नसते. तिचा सराव आधी वर्षानुवर्षे करावा लागतो. पद आपल्याकडे असतानाच श्रेय दुसऱ्याच्या पानात वाढायचे, हा तो सराव. त्याचा आदर्श म्हणून डॉ. अब्दुल कलाम आयुष्यभर एका प्रसंगाची आठवण सांगत असत. ती वाचकांनी अनेकदा ऐकली असेल, तरी तिच्यातला एक धागा निसटून जातो म्हणून पुन्हा सांगतो. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘एसएलव्ही-३’ हा अग्निबाण झेपावला आणि काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील आम्लगळती भोवली होती. मोहिमेचे प्रमुख कलाम होते. पत्रकारांना सामोरे गेले ते मात्र इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन, अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली आणि आपल्या सहकाऱ्यांवर विश्वास व्यक्त केला. १८ जुलै १९८० रोजी त्याच अग्निबाणाने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा धवन मागे राहिले आणि पत्रकार परिषद घ्यायला त्यांनी कलामांना पाठवले.

इथवरची कथा सर्वांना ठाऊक असते आणि तिचे तात्पर्य ‘नेत्याने अपयश झेलावे’ एवढेच काढले जाते. निसटणारा धागा पुढचा आहे. विक्रम साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी अकस्मात गेले, तेव्हा भारताचा अंतराळ कार्यक्रम अक्षरशः एका माणसावर तोललेला होता. धवन त्या वेळी अमेरिकेत अध्यापन करीत होते. १९७२मध्ये परतून त्यांनी इस्रोची धुरा घेतली ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकपद सांभाळत. पुढच्या बारा वर्षांत त्यांनी हा एकखांबी तंबू अनेक खांबांवर नेला. १९८४मध्ये ते पायउतार झाले, प्रा. यू. आर. राव आले, १९९४मध्ये राव गेले, डॉ. कस्तुरीरंगन आले, २००३मध्ये तेही गेले. प्रत्येक वेळी उत्तराधिकारी आतल्याच मुशीतून तयार झालेला होता. चंद्रावर यान उतरले त्या संध्याकाळी, २३ ऑगस्ट २०२३ रोजी, आपण पडद्यावर जो आनंदाने उसळणारा कक्ष पाहिला, त्यातल्या बहुतेकांची कारकीर्द धवन पदावरून गेल्यानंतर सुरू झाली असेल. १९८०मध्ये पत्रकारांपुढे कलामांना पाठवणे हा केवळ मनाचा मोठेपणा नव्हता. संस्था आपल्यामागे टिकावी म्हणून केलेली ती पेरणी होती. कलाम स्वतःही तो धडा विसरले नाहीत. २००७मध्ये राष्ट्रपतिभवन सोडल्यावर ते विद्यार्थ्यांत परतले आणि २७ जुलै २०१५ रोजी शिलाँगमध्ये विद्यार्थ्यांसमोर बोलत असतानाच कोसळले.

अशा पेरणीचे आपल्या घरचे उदाहरण पालघर जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर आहे आणि त्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षणाचे शास्त्र शिकल्या. शहरातल्या सुखवस्तू मुलांची बालमंदिरे चालवून त्यांना नावलौकिक मिळाला होता. १९४५मध्ये, वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर, त्या बोर्डीला आल्या आणि वारली आदिवासींच्या मुलांसाठी त्यांनी काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेऊ; गुरे राखायला जातात तर कुरणात भरवू. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना या जिद्दीतून आकाराला आल्या. त्यांच्या सोबतीला तेव्हा जी पस्तिशीची शिक्षिका आली, त्या अनुताई वाघ. बालपणी वैधव्य आलेल्या अनुताईंजवळ पाश्चात्त्य बालशिक्षणशास्त्राचे पाठबळ नव्हते. उत्साह होता आणि राबायची तयारी होती. ताराबाईंनी त्यांना हाताखालची बाई म्हणून ठेवले नाही. प्रयोग, लेखन, शिक्षिकांचे प्रशिक्षण, या सगळ्यांत त्यांना बरोबरीने ओढले. अठ्ठावीस वर्षांच्या सहवासानंतर १९७३मध्ये ताराबाई गेल्या. त्यानंतर, १९९२मध्ये स्वतः जाईपर्यंत, एकोणीस वर्षे अनुताईंनी ते काम नुसते राखले नाही, वाढवले. ताराबाई पद्मभूषण, अनुताई पद्मश्री. पण पुरस्कारांपेक्षा मोलाची गोष्ट ही की, ताराबाई नसतानाची कोसबाड ही ताराबाईंची समाधी झाली नाही. किती संस्थापकांविषयी असे म्हणता येते?

इथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. माणसाने वय पाहून काम थांबवावे काय? महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला १९३०मध्ये, पन्नाशीत; अखेरचा प्रसिद्ध झाला १९६२मध्ये, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. साठाव्या वर्षी त्यांनी लेखणी खाली ठेवली असती तर भारतविद्येचे केवढे नुकसान झाले असते! आक्षेप बिनतोड वाटतो, परंतु काण्यांच्या चरित्रातच त्याचे उत्तर आहे. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी १९४७ ते १९४९ एवढेच भूषवले. पद दोन वर्षांचे आणि ग्रंथलेखन तीन तपांचे, असे ते प्रमाण होते. लिहिणाऱ्याच्या जागेवर दुसरा कुणी बसण्यासाठी ताटकळत नसतो. अध्यक्षांच्या जागेवर असतो. एकाच्या चालू राहण्याने कुणाची वाट अडत नाही, दुसऱ्याच्या चालू राहण्याने अडते. काम आणि पद यांची गल्लत करून ‘मी आहे तोवर संस्थेसाठी झिजणार’ असे जे सांगितले जाते, त्यात झीज संस्थेची होत असते.

२० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी ही गल्लत कशी टाळली, ते पाहा. केंब्रिजमधले मानाचे स्थान सोडून ते १९७२मध्ये मायदेशी परतले आणि १९८८मध्ये त्यांनी पुण्यात ‘आयुका’ उभी केली. २००३मध्ये संचालकपदाची मुदत संपली, तेव्हा ते त्या दालनातून बाहेर पडले, पण संशोधन चालूच राहिले, विज्ञानकथा चालू राहिल्या, शाळकरी मुलांच्या शंकांना उत्तरे देणे चालू राहिले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून देत. त्या सहीसाठी त्यांना संचालकपदाची गरज नव्हती.

आपल्या परंपरेला हे सारे नवे नाही. आश्रमव्यवस्थेत वानप्रस्थाला जागा आहे, आणि कालिदासाने ‘रघुवंशा’त ज्या राजांचे गुण गायिले, त्यांत म्हातारपणी राज्य मुलाच्या हाती देऊन वनात जाणे हाही एक गुण मानला आहे. घरातसुद्धा शहाणी सासू योग्य वेळी कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडून सुनेच्या हाती देते, भाजीत मीठ जास्त पडले तरी पहिले सहा महिने बोलत नाही, आणि सणावाराला सुनेने विचारले तर पुरणाचे प्रमाण सांगते. हेच शहाणपण सार्वजनिक जीवनात शिरताना दाराशीच थबकते. मग ते कायद्याला सांगावे लागते. सहकारी बँकांच्या संचालकांना सलग आठ वर्षांहून अधिक काळ पदावर राहता येणार नाही, अशी तरतूद २०२०मध्ये बँकिंग नियमन कायद्यात झाली. तीही जड गेली म्हणा, १ ऑगस्ट २०२५पासून ती मर्यादा दहा वर्षांवर नेण्यात आली. सार्वजनिक न्यासांच्या विश्वस्तांवर मात्र २०२५पर्यंत अशी सरसकट मर्यादा नव्हती. त्यांच्या घटनेत लिहिली असेल तरच ती असे. आणि घटना त्यांनीच लिहिलेली असते.

कायद्याने सांगेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ज्या संस्थाचालकांना येत्या वर्षी पायउतार व्हायचे असेल, त्यांच्यासाठी जानेवारी ते मार्च हे तीन महिने सोयीचे आहेत, कारण आर्थिक वर्ष ३१ मार्चला मिटते आणि नव्या माणसाला कोऱ्या वहीने सुरुवात करता येते. जानेवारीत विश्वस्तांच्या बैठकीत नाव सुचवावे; ते आपल्या चिरंजीवांचे नसावे, ही विनंती. फेब्रुवारीत जुनी इतिवृत्ते, जमिनीचे कागद, ठेवींच्या पावत्या आणि देणगीदारांचे पत्ते एकत्र करून द्यावेत; यांतल्या निम्म्या गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात असतात आणि त्याच्याबरोबर जातात, हा अनेक संस्थांचा अनुभव आहे. जुन्या देणगीदारांकडे नव्या कार्यवाहांना स्वतः घेऊन जावे, ओळख करून द्यावी आणि तिथे आपण कमी बोलावे. मार्चमध्ये रीतसर निवड झाली की बँकेतील सह्यांचे नमुने बदलावेत आणि विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत दाखल करावा. तो वर्षानुवर्षे राहून गेल्यामुळे कायदेशीर पेचात अडकलेल्या संस्था काही थोड्याथोडक्या नाहीत. कपाटाची दुसरी किल्ली ‘असू द्या, लागली तर’ म्हणून घरी ठेवू नये. एप्रिलच्या पहिल्या बैठकीला माजी अध्यक्षांना बोलवायचेच असेल तर पाहुणे म्हणून बोलवावे, आणि चहा त्यांना आधी द्यावा.